दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूची कक्षा-निश्चिती

दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूची कक्षा-निश्चिती म्हणजे सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास २०० वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्या धूमकेतूचा अवकाशातील मार्ग त्याच्या आकाशातील स्थानांच्या निरीक्षणांवरून गणिताने ठरवण्याची प्रक्रिया होय. असा धूमकेतू मानवी नोंदींत बहुधा एकदाच आढळतो. त्यामुळे मागील फेरीची निरीक्षणे हाताशी नसतात आणि काही आठवडे, महिने किंवा फार तर काही वर्षे दिसलेल्या कक्षेच्या लहानशा तुकड्यावरून संपूर्ण कक्षेचा अंदाज बांधावा लागतो. धूमकेतू सूर्याजवळ केव्हा येईल आणि पृथ्वीपासून किती अंतरावरून जाईल, हे या गणिताने लवकर व पुष्कळ अचूकपणे समजते. तो पुन्हा केव्हा येईल, या प्रश्नाचे उत्तर मात्र अतिशय सूक्ष्म मापनांवर अवलंबून असते आणि ते त्रुटीच्या मर्यादेसहच सांगावे लागते.

कक्षेचे घटक

सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाखाली फिरणाऱ्या वस्तूची कक्षा सहा संख्यांनी पूर्णपणे निश्चित होते. धूमकेतूंसाठी सामान्यतः पुढील सहा घटक वापरतात.

१. उपसूर्य काळ : धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा क्षण.
२. उपसूर्य अंतर : त्या क्षणी सूर्यापासूनचे अंतर. ते खगोलीय एककांत देतात. पृथ्वी व सूर्य यांच्यातील सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १४.९६ कोटी किमी, हे एक खगोलीय एकक होय.
३. विमध्यता : कक्षेचा आकार सांगणारी संख्या. ती १ पेक्षा कमी असल्यास कक्षा लंबवर्तुळाकार, नेमकी १ असल्यास अन्वस्ताकार आणि १ पेक्षा अधिक असल्यास अपास्ताकार असते.
४. कल : कक्षेच्या प्रतलाचा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी होणारा कोन.
५. आरोही पाताचे स्थान : धूमकेतू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पृथ्वीच्या कक्षेचे प्रतल ज्या ठिकाणी ओलांडतो, त्या बिंदूचे वसंतसंपातापासूनचे कोनीय अंतर.
६. उपसूर्य बिंदूचा कोन : आरोही पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कक्षेच्या प्रतलातील कोन.

ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूंचा कल मात्र कोणताही असू शकतो. कल ९० अंशांहून अधिक असल्यास धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो.

निरीक्षणातून मिळणारी माहिती

धूमकेतूच्या एका छायाचित्रावरून दोनच संख्या मिळतात, त्या म्हणजे विषुवांश आणि क्रांती. या दोहोंनी धूमकेतूची दिशा समजते, पण अंतर समजत नाही. त्याच दिशेत जवळ असलेली संथ वस्तू आणि दूर असलेली वेगवान वस्तू आकाशात सारखीच सरकताना दिसू शकतात. प्रत्येक निरीक्षणातून दोन संख्या मिळत असल्यामुळे सहा घटकांसाठी वेगवेगळ्या वेळची किमान तीन निरीक्षणे लागतात.

स्थानमापनासाठी धूमकेतूच्या छायाचित्रातील आसपासच्या ताऱ्यांचा आधार घेतात. या ताऱ्यांची अचूक स्थाने तारासूचीतून घेतली जातात. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाइया यानाने तयार केलेल्या सूचीत तेजस्वी ताऱ्यांची स्थाने विकलेच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म आहेत. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. आता मोठी अडचण ताऱ्यांपेक्षा धूमकेतूचीच असते. त्याचा घन गाभा वायू व धुळीच्या तेजोमंडलात झाकलेला असतो. छायाचित्रात मोजला जातो तो तेजोमंडलाचा सर्वांत उजळ बिंदू, आणि तो गाभ्यापासून शेपटीच्या बाजूला किंचित सरकलेला असू शकतो.

इतिहास

वराहमिहिराने सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात केतूंसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. केतूंचा उदय व अस्त गणिताने जाणता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ग्रहांचे गणित करणाऱ्या परंपरेने धूमकेतू गणिताबाहेर ठेवल्याची ही नोंद आहे. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत परिस्थिती फारशी वेगळी नव्हती.

नोव्हेंबर १६८० मध्ये गॉटफ्रीड किर्क यांना एक धूमकेतू दुर्बिणीतून आढळला. दुर्बिणीने शोधला गेलेला हा पहिला धूमकेतू होय. तो पहाटे सूर्याकडे जाताना दिसला आणि डिसेंबरमध्ये सायंकाळी सूर्यापासून दूर जाताना दिसला. हे दोन वेगळे धूमकेतू नसून एकच आहे, असे जॉन फ्लॅमस्टीड यांचे मत होते. आयझॅक न्यूटन यांनी ते प्रथम मानले नाही, परंतु पुढे याच धूमकेतूची कक्षा अन्वस्त मानून त्यांनी ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) या ग्रंथात निरीक्षणांशी जुळवून दाखवली. एडमंड हॅली यांनी न्यूटन यांच्या पद्धतीने २४ धूमकेतूंच्या कक्षा काढून १७०५ मध्ये प्रसिद्ध केल्या. १५३१, १६०७ व १६८२ चे धूमकेतू एकच असल्याचा त्यांचा निष्कर्ष बरोबर ठरला. १६८० च्या धूमकेतूला मात्र त्यांनी ५७५ वर्षांचा आवर्तकाल दिला होता. आधुनिक गणिताप्रमाणे तो नऊ हजार वर्षांच्या आसपास आहे. एकाच गणितज्ञाच्या या दोन निष्कर्षांतून अल्प व दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूंमधील फरक दिसतो. पहिल्या बाबतीत मागील फेऱ्यांच्या नोंदी होत्या, दुसऱ्या बाबतीत खात्रीची तशी नोंद नव्हती.

प्राथमिक कक्षा

तीन निरीक्षणांवरून कक्षा काढण्याच्या बहुतेक पद्धती दोन नियमांवर आधारलेल्या आहेत. पहिला नियम असा की, धूमकेतूची तिन्ही स्थाने व सूर्य एकाच प्रतलात असतात. दुसरा केप्लर यांचा क्षेत्रफळाचा नियम, म्हणजे सूर्य व धूमकेतू यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते. या दोन नियमांमुळे तीन अज्ञात अंतरांमध्ये संबंध प्रस्थापित होतो.

हाइनरिख ओल्बर्स यांनी १७९७ मध्ये धूमकेतूंसाठी सोयीची पद्धत दिली. धूमकेतूची कक्षा अन्वस्त मानल्यास विमध्यता आधीच ठरते आणि अज्ञात घटक सहाऐवजी पाच उरतात. पृथ्वीपासूनच्या पहिल्या व तिसऱ्या अंतरांचे गुणोत्तर या पद्धतीत प्रथम काढतात. त्यानंतर एक अंतर गृहीत धरून धूमकेतूला पहिल्या स्थानापासून तिसऱ्या स्थानापर्यंत जाण्यास किती काळ लागला असता हे मोजतात आणि तो प्रत्यक्ष काळाशी जुळेपर्यंत अंतरात बदल करतात.

कार्ल फ्रीडरिख गाउस यांची पद्धत कक्षेचा आकार आधी गृहीत धरत नाही. १ जानेवारी १८०१ रोजी सापडलेला सेरेस हा लघुग्रह काही आठवड्यांनंतर सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. गाउस यांनी अल्प निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस तो त्यांनी सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडला. ही पद्धत त्यांनी १८०९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली.

नव्या धूमकेतूची पहिली कक्षा आजही अनेकदा अन्वस्त मानूनच प्रसिद्ध होते. याचा अर्थ धूमकेतू खरोखर अन्वस्तात फिरतो असा नाही. उपलब्ध निरीक्षणांवरून अन्वस्त आणि अत्यंत लांबट लंबवर्तुळ यांत भेद करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आवर्तकाल ठरवण्यातील अडचण

आवर्तकाल कक्षेच्या अर्ध-दीर्घाक्षावरून मिळतो. वर्षांत मोजलेल्या आवर्तकालाचा वर्ग हा खगोलीय एककांत मोजलेल्या अर्ध-दीर्घाक्षाच्या घनाइतका असतो. ६०,००० वर्षांचा आवर्तकाल असलेल्या धूमकेतूचा अर्ध-दीर्घाक्ष सुमारे १,५३० खगोलीय एकक येतो. त्याचे उपसूर्य अंतर १ खगोलीय एकक असल्यास विमध्यता ०.९९९३५ असते. अन्वस्ताच्या १ या विमध्यतेपासून ती किंचितच कमी आहे.

हाच फरक वेगाच्या रूपात अधिक स्पष्ट होतो. सूर्यापासून १ खगोलीय एकक अंतरावर अन्वस्ताकार कक्षेतील वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ४२.१ किमी असतो. ६०,००० वर्षांनी परतणाऱ्या धूमकेतूचा त्याच अंतरावरील वेग याहून सेकंदाला फक्त सुमारे ७ मीटरने कमी असतो. कधीही न परतणारा धूमकेतू आणि ६०,००० वर्षांनी परतणारा धूमकेतू यांच्यात उपसूर्य बिंदूपाशी एवढाच भेद असतो. दहा दिवसांत या फरकामुळे दोघांच्या स्थानांत सुमारे ६,००० किमी अंतर पडते. १ खगोलीय एकक अंतरावरून पाहिल्यास ते जास्तीत जास्त ८ विकला भरते. निरीक्षणांचा काळ लहान असल्यास इतर पाच घटकांत किरकोळ बदल करूनही हा फरक झाकला जातो. म्हणून निरीक्षणांचा कालावधी वाढवणे हाच खरा उपाय असतो.

या कारणाने शास्त्रज्ञ आवर्तकालाऐवजी अर्ध-दीर्घाक्षाचा व्यस्तांक वापरतात. वरील उदाहरणात तो सुमारे ०.०००६५ आहे. त्यात ०.०००१ एवढी त्रुटी असल्यास आवर्तकाल सुमारे ४९,००० वर्षांपासून ७८,००० वर्षांपर्यंत काहीही असू शकतो. त्रुटी ०.०००६५ इतकी असल्यास व्यस्तांक शून्यही असू शकतो, म्हणजे धूमकेतू परत येणारच नाही ही शक्यताही नाकारता येत नाही. त्रुटीची मर्यादा न देता सांगितलेला आवर्तकाल म्हणूनच अपुरा ठरतो.

निरीक्षकाचे स्थान व वेळ

कक्षेचे गणित सूर्याच्या संदर्भात होते, निरीक्षण मात्र पृथ्वीच्या पृष्ठभागावरून होते. निरीक्षक पृथ्वीच्या केंद्राशी नसल्यामुळे धूमकेतूची दिशा बदललेली दिसते. या बदलाला पराशय म्हणतात. १ खगोलीय एकक अंतरावरील वस्तूसाठी तो जास्तीत जास्त ८.८ विकला असतो. वर सांगितलेला ८ विकलांचा फरक आणि हा पराशय जवळजवळ सारखे आहेत. निरीक्षकाचे स्थान गणितात धरले नाही, तर परतणारा आणि न परतणारा धूमकेतू यांतील फरकाएवढी चूक केवळ त्यामुळेच होऊ शकते.

उदाहरणादाखल सोलापूर शहराच्या पूर्व-आग्नेय बाजूला असलेली अक्कलकोट रोड एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत घेता येईल. तिचे स्थान सुमारे १७° ४०′ उत्तर अक्षांश व ७५° ५५′ पूर्व रेखांश असे आहे. हे ठिकाण पृथ्वीच्या अक्षापासून सुमारे ६,०८० किमी अंतरावर आहे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे सेकंदाला सुमारे ४४३ मीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. चार तासांत पृथ्वी ६० अंश फिरते. तेवढ्या काळात या ठिकाणचा निरीक्षक सरळ रेषेत सुमारे ६,०८० किमी दूर गेलेला असतो. अक्षांश व रेखांश माहीत असल्यास ही दुरुस्ती अचूकपणे करता येते. स्थानाची लहानशी चूक फारशी बाधक नसते. चाळीस किमीची चूक १ खगोलीय एकक अंतरावरील धूमकेतूच्या स्थानात केवळ सुमारे ०.०५ विकलेचा फरक पाडते.

वेळेची नोंद अधिक काटेकोर लागते. दिवसाला एक अंश सरकणारा धूमकेतू एका मिनिटात २.५ विकला सरकतो. निरीक्षणे समन्वित जागतिक वेळेत आणि दिवसाच्या दशांश भागांत नोंदवतात. भारतीय प्रमाणवेळेनुसार सायंकाळी ७ वाजून ३० मिनिटे म्हणजे जागतिक वेळेचे १४ वाजणे, आणि ते त्या तारखेच्या ०.५८३३३ दिवस असे लिहितात. पाचव्या दशांश स्थळाचे मूल्य सुमारे ०.८६ सेकंद असते.

औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कृत्रिम प्रकाशाचाही विचार करावा लागतो. मोठे धूमकेतू सूर्याजवळ असताना पहाटे पूर्व क्षितिजाजवळ किंवा सायंकाळी पश्चिम क्षितिजाजवळ दिसतात. अक्कलकोट रोड परिसरातून पश्चिमेकडे पाहताना संपूर्ण शहराचा प्रकाश आड येतो. आकाशाची उजळ पार्श्वभूमी अंकीय छायाचित्रातून वजा करता येते. त्यामुळे तेजस्वी धूमकेतूचे स्थान शहरातूनही मोजता येते. मंद धूमकेतू मात्र या प्रकाशात हरवतात, आणि आवर्तकाल ठरवण्यासाठी नेमकी धूमकेतू दूर व मंद असतानाचीच निरीक्षणे सर्वाधिक उपयोगी पडतात.

जगभरातील स्थानमापने अमेरिकेतील केंब्रिज येथील लघुग्रह केंद्राकडे जमा होतात. हे केंद्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने काम करते. अचूक मापने पाठवणाऱ्या वेधशाळांना ते तीन अक्षरांकांचा संकेत देते. हौशी निरीक्षकांनाही असा संकेत मिळू शकतो.

कक्षेची सुधारणा

प्राथमिक कक्षा मिळाल्यावर तिच्यावरून प्रत्येक निरीक्षणाच्या वेळचे स्थान काढतात आणि प्रत्यक्ष मोजलेल्या स्थानाशी ताडून पाहतात. या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल अशा रीतीने सहाही घटक बदलतात. हीच किमान वर्ग पद्धत होय. इतरांशी न जुळणारी निरीक्षणे या टप्प्यावर ओळखता येतात.

जुन्या छायाचित्रांत धूमकेतू सापडल्यास कक्षा एकदम सुधारते. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अक्षांशांवरून सायंकाळी पश्चिमेला दिसू शकणारा सी/२०२३ ए३ हा त्सुचिनशान–ॲटलास धूमकेतू याचे उदाहरण आहे. ९ जानेवारी २०२३ रोजी चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने त्याची नोंद केली होती, पण पुढील निरीक्षणे न मिळाल्याने ती वस्तू हरवली असे समजले गेले. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ॲटलास दुर्बिणीला तो सापडला आणि प्राथमिक कक्षेवरून दोन्ही वस्तू एकच असल्याचे स्पष्ट झाले. पुढे पॅलोमार येथील २२ डिसेंबर २०२२ च्या छायाचित्रांतही तो आढळला. धूमकेतू सूर्यापासून सात खगोलीय एककांहून दूर असतानाच तो २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सूर्याजवळ येईल, हे गणिताने समजले होते. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो ०.३९ खगोलीय एकक अंतरावर सूर्याच्या सर्वांत जवळ आला. त्याच्या कक्षेचा कल सुमारे १३९ अंश आहे.

ग्रहांचा परिणाम : मूळ व भावी कक्षा

वरील सर्व वर्णन सूर्य आणि धूमकेतू या दोघांपुरते आहे. प्रत्यक्षात ग्रहांचे, विशेषतः गुरूचे, आकर्षण कक्षा सतत बदलत असते. म्हणून कक्षेचे घटक एका विशिष्ट तारखेपुरतेच दिलेले असतात. धूमकेतू सूर्याजवळ असताना काढलेली विमध्यता १ हून किंचित अधिक आली, तरी तो सूर्यमालेबाहेरचा आहे असे ठरत नाही. त्सुचिनशान–ॲटलासची विमध्यता अशीच १ हून किंचित अधिक मिळाली. याउलट २०१९ मध्ये सापडलेल्या बोरिसॉव्ह धूमकेतूची विमध्यता सुमारे ३.३६ होती आणि तो आंतरतारकीय असल्याबद्दल शंका उरली नाही.

खरा आवर्तकाल जाणण्यासाठी ग्रहांचे परिणाम धरून गणित मागे आणि पुढे चालवतात व धूमकेतू ग्रहांच्या क्षेत्राबाहेर असतानाची कक्षा काढतात. येण्यापूर्वीच्या कक्षेला मूळ कक्षा व गेल्यानंतरच्या कक्षेला भावी कक्षा म्हणतात. २३ जुलै १९९५ रोजी सापडलेल्या हेल–बॉप धूमकेतूचे २७ एप्रिल १९९३ चे एक छायाचित्र ऑस्ट्रेलियात मिळाले. त्यामुळे त्याची कक्षा लवकर निश्चित झाली. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूपासून ०.७७ खगोलीय एकक अंतरावरून गेला आणि त्याचा आवर्तकाल सुमारे ४,२०० वर्षांवरून सुमारे २,५०० वर्षांवर आला.

गाभ्यातून उसळणारे वायूचे झोतही धूमकेतूला किंचित ढकलतात. सूर्याजवळ जाणाऱ्या धूमकेतूंच्या गणितात या बलासाठी जादा घटक धरावे लागतात.

डच खगोलशास्त्रज्ञ यान ओर्ट यांनी १९५० मध्ये १९ धूमकेतूंच्या मूळ कक्षा तपासल्या. अनेकांच्या अर्ध-दीर्घाक्षांचे व्यस्तांक शून्याच्या अगदी जवळ, पण धन बाजूला आढळले. त्यावरून सूर्यमालेभोवती फार दूर धूमकेतूंचा विशाल साठा असावा, असे त्यांनी मांडले. या साठ्याला ओर्ट मेघ म्हणतात. तो आजवर प्रत्यक्ष दिसलेला नाही. तो आहे हे दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूंच्या कक्षांवरूनच अनुमानाने समजते.

बाप्पू–बॉक–न्यूकर्क धूमकेतू

भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू (१९२७–१९८२) हैदराबाद येथे वाढले. त्यांचे वडील तेथील निजामिया वेधशाळेत होते. १९४९ मध्ये ते हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आकाशाच्या छायाचित्रात त्यांना एक अनोळखी धूमकेतू आढळला. बार्ट बॉक व गॉर्डन न्यूकर्क यांची नावे जोडून त्याला बाप्पू–बॉक–न्यूकर्क असे नाव मिळाले. आधुनिक पद्धतीने तो सी/१९४९ एन१ असा ओळखला जातो. यातील ‘एन’ हे अक्षर जुलैचा पूर्वार्ध दर्शवते. या शोधासाठी पॅसिफिक खगोलशास्त्रीय संस्थेचे डोनोहो धूमकेतू पदक देण्यात आले. या धूमकेतूचा आवर्तकाल सुमारे ६०,००० वर्षे असल्याचे सांगितले जाते. या प्रकारच्या आकड्यात किती अनिश्चितता दडलेली असते, हे वरील उदाहरणावरून लक्षात येते.

महत्त्व

अल्प आवर्तकालाच्या धूमकेतूंचे व पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचे मार्ग अनेक दशके आधी सांगता येतात. दीर्घ आवर्तकालाचा धूमकेतू मात्र सूर्याजवळ येण्यापूर्वी काही महिने किंवा थोडी वर्षेच आधी सापडतो. एखादा धूमकेतू धोकादायक आहे किंवा नाही, हे तेवढ्याच काळात ठरवावे लागते. जयंत नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या विज्ञानकथेचा विषय हाच आहे. तीत नव्या धूमकेतूच्या कक्षेचे गणित त्याची पृथ्वीशी टक्कर होईल असे दाखवते.

प्रत्यक्षात असा प्रसंग मंगळाच्या बाबतीत आला. जानेवारी २०१३ मध्ये सापडलेला सी/२०१३ ए१ सायडिंग स्प्रिंग धूमकेतू मंगळावर आदळण्याची शक्यता सुरुवातीच्या गणिताने नाकारता येत नव्हती. निरीक्षणे वाढत गेली, तशी कक्षा सुधारली आणि ती शक्यता मावळली. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी तो मंगळापासून सुमारे १,४०,००० किमी अंतरावरून गेला. त्याच्या धुळीपासून बचाव व्हावा म्हणून मंगळाभोवतीच्या यानांच्या कक्षांत आधीच बदल करण्यात आले. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले भारताचे मंगळयान त्यांपैकी एक होते. धोक्याच्या काळात ते मंगळाच्या आड राहील अशी योजना इस्रोने केली होती.